अर्धी दाढी

धर्माजी चुरी खुर्चीत बसले, मान ताठ केली आणि म्हणाले, "डावीच कर."

चिंतूने साबणात ब्रश घोळवला. एडवणच्या नाक्यावर त्याचे दुकान होते. एक खुर्ची, एक आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी भिंतीला टेकवलेला बाक.

"काका, उजवीनं काय घोडं मारलंय?"

"सांगितलं ना. नवस हाय."

बाकावर कमलाकांत बसला होता. धर्माजींचा शाळेपासूनचा सोबती आणि शेजारच्या वाडीचा मालक. त्याने वर्तमानपत्र खाली केले. "आपली आशापुरी पुरवते ती पुरी पुरवते, धर्मा. अर्धी दाढी मागणारी देवी कुठं गाठलीस?"

चिंतू हसला. हसताना ब्रश हलला आणि फेसाचा एक शिंतोडा धर्माजींच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर पडला.

धर्माजींनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. मानेच्या शिरा वर आल्या, उजवा डोळा बारीक झाला, गाल आपोआप वर खेचला गेला. मग तो गाल पुन्हा जागेवर आला. सगळे एका श्वासात. चिंतूने वस्तऱ्याला पाते लावेपर्यंत धर्माजी पूर्वीसारखे ताठ बसलेले होते.

"पात्याला धार हाय ना?" त्यांनी विचारले.

"हाय काका."

"मग चालव."

डाव्या बाजूची दाढी झाली. पावडर त्यांनी लावू दिली नाही. फडक्याने तोंड पुसू दिले नाही. उठताना आरशात पाहिले नाही. डावीकडे तुळतुळीत गाल, उजवीकडे बोटभर वाढलेली पांढरी दाढी, अशा चेहऱ्याने ते नाक्यावरून घरी गेले. चालताना समुद्राकडची बाजू त्यांनी डावी ठेवली. त्यासाठी देवळामागून लांबचा वळसा घ्यावा लागला.

ही कळ दिवाळीच्या आधी सुरू झाली होती. वाडीतली मोटार चालू करताना स्टार्टरला ओला हात लागला तर बसतो तसा झटका, पण गालात. नाकपुडीच्या कडेला उठे, वरच्या हिरडीतून जाई आणि कानाखाली संपे. संपली की काहीच उरत नसे. ठणका नाही, सूज नाही. म्हणून पहिले काही दिवस धर्माजींना वाटले की आपल्याला भास झाला. मग तोंड धुताना आली. मग भाकरी चावताना. मग नुसते "विजया" म्हणून हाक मारताना आली आणि त्यांनी बायकोला हाक मारणे सोडले.

त्यांनी घरात सांगितले, "दाढ दुखते."

दाढदुखी हे सांगण्यासारखे दुखणे होते. पालघरच्या दातांच्या डॉक्टरने आरसा घालून पाहिले, फोटो काढला आणि म्हटले की दाढेला कीड नाही, थांबून बघू. धर्माजी म्हणाले, "थांबायला वेळ नाय. काढा." दाढ निघाली. आठवडाभराने कळ परत आली, तेव्हा ते पुन्हा गेले आणि शेजारची दाखवली. डॉक्टरने दुसऱ्या कुणाला तरी दाखवा म्हणून सांगितले. धर्माजींनी ऐकले नाही. तीही काढून घेतली.

आता माघ लागला होता. होळीनंतर वाडीत वेली उतरवायच्या होत्या, म्हणजे वर्षभर वाढलेली वेल काठीवरून सोडवून तिचे खोड पुन्हा मातीत पुरायचे.

* * *

चुरींची पानवाडी गावाच्या उत्तरेला, नारळाच्या झावळ्यांचा कूड घालून वाऱ्यापासून राखलेली. आत केळी आणि शेवरीची सावली. सावलीत काठ्यांच्या रांगा, काठ्यांवर पानवेली. चपला बाहेर काढून आत जायचे, ही रीत. दोन रांगांमधली वाट एका माणसापुरती. चालताना दोन्ही बाजूंची पाने खांद्यांना, कानांना, गालांना लागत. आजूबाजूच्या वाड्या एकेक करून मोडल्या. कुणी चिकू लावले, कुणी मोगरा, कमलाकांतने सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. एडवणात पानवाडी म्हणावी अशी ही एकच राहिली. पालघरच्या बाजारात "चुरींचं पान" म्हटले की पानवाला गड्डी उलगडून बघत नसे.

त्या पानावर घराचा भरवसा होता. पोराला सर्दी झाली, पान. कुणाला पोटदुखी, पान. त्यामुळे धर्माजींची दाढ निघूनही कळ थांबली नाही, तेव्हा विजयाबाईंनी जे केले ते त्या घरातली कुठलीही बाई करती.

संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या जून पान निवडत. त्याला एरंडेलाचे बोट फिरवून निखाऱ्यावर धरत. पान मऊ पडले, त्याचा वास सुटला की ओटीवर येत. धर्माजी बाजेवर बसलेले असत.

"इकडं करा तोंड."

ते तोंड करत. पान जवळ येई. त्याची ऊब आधी लागे, मग पानाची कड गालाला टेके. घट्ट दाबले की काही होत नसे. ती पहिली कड, ते नुसते टेकणे, तेच होते. कळ सुटे. धर्माजी बाजेची दोरी मुठीत धरून बसत.

"ओढतंय ना?" विजयाबाई विचारत.

"ओढतंय."

"आपल्या पानाला गुण हाय. अजून थोडे दिवस लावू."

"लाव."

रोज संध्याकाळी हे होत होते. रोज विजयाबाई पान निवडून आणत होत्या आणि रोज धर्माजी तोंड पुढे करत होते. पान नको म्हणायचे तर का नको ते सांगावे लागले असते. पानाच्या स्पर्शाने कळ येते असे ज्या दिवशी तोंडातून निघेल, त्या दिवशी वाडीत पाऊल टाकायचा आपला हक्क संपला, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

हक्काची गोष्ट घरात निघाली होतीच. मुलगा धीरज तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जात असे. बापाचा उतरलेला चेहरा त्याला दिसत होता. पेज सोडून बाप काही खात नव्हता, हेही दिसत होते.

"बाबा, या वर्षी उतरण तुमच्यानं व्हायची नाय," तो एका सकाळी म्हणाला. "अंगात काय राहिलंय? वेली सोडून देऊ. कमलाकांत काकासारख्या चार खोल्या बांधू."

"वेल एक वर्ष उतरवली नाय तर काय होतं, माहीत हाय?"

"माहीत हाय. वाडी जाते."

"मग?"

"मग जाऊ दे."

धर्माजी उठून वाडीकडे निघाले. बोलण्याने कळ येईल म्हणून की राग आला म्हणून, ते धीरजला कळले नाही.

* * *

जव्हारकडच्या डोंगरातून नवशा आणि त्याची बायको नवसी पाऊस संपला की वाडीत कामाला येत. भातकापणी आटोपली की खाली उतरायचे, पावसाआधी परत जायचे. वाडीच्या कडेला त्यांची खोपी होती. नवशा ठेंगणा, खांद्यांनी रुंद, बोलायला कमी. बोलायचे सगळे काम नवसीकडे होते.

वेल कशी खुडायची याचा नियम वाडीत लहान मुलालाही ठाऊक असे. खालून वर जायचे. खालचे जून पान आधी. वरच्या कोवळ्या पानाला तयार होईपर्यंत नखही लावायचे नाही.

धीरजला त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून सकाळी तो वाडीत आला. पाट फोडायला मधल्या रांगेत शिरला आणि थांबला. रांगेच्या एका अंगाला, रांग संपेपर्यंत, वेलींवर मध्येच उघडा पट्टा होता. खाली पाने होती, वर पाने होती, मधली कोवळी पाने देठासकट गेलेली. तो पुढच्या रांगेत गेला. तिथेही तसेच. जाताना उजवीकडे येणारी बाजू. डावी बाजू भरलेली.

"नवशा!"

नवशा खुरपे घेऊन आला. मागून नवसी आली. कुडाजवळ विजयाबाई पाने पाण्यात टाकत होत्या, त्याही हात पुसत आल्या. धर्माजी विहिरीकडून आले आणि रांगेच्या तोंडाशी उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

नवशाने वेलींकडे पाहिले. "आमी नाय."

"मग कुणी? कूड लावलेला असतो. आत तुमी असता. कोवळं पान खुडून कुणाला विकलंस? सफाळ्याच्या टपरीवर?"

"आमी नाय खुडली."

"तुला नियम माहीत नाय?"

"माहीत हाय म्हनून सांगतो. आमी नाय."

नवशाचा आवाज चढला नाही. त्याने खुरपे पुसले आणि झावळीच्या कुडात खोचले. कामाच्या मध्ये हत्यार कुडात खोचणे म्हणजे काय, ते सगळ्यांना समजले.

"आमी उद्या वर जातो," तो म्हणाला. "चोर म्हनून वाडीत नाय राहत."

"उतरणीच्या तोंडावर?" विजयाबाई म्हणाल्या. "अरे नवशा..."

"बाय, तुमी नाय बोलल्या. पन बोलणं झालं."

नवसी मात्र जायच्या आधी बोलून घेणार होती. तिने नवशाला दंडाला धरून रांगेत ओढले आणि त्या उघड्या पट्ट्याशी उभे केले. पट्टा त्याच्या डोक्याच्या वरून जात होता.

"बघ रे धीरज भाऊ. माजा नवरा रातचा शिडी घेऊन आला नि नेमका मधलाच पाला खाल्ला. बकरा पन असा नाय खात. बकऱ्याला पन खालचा पाला गोड लागतो."

धीरजला हसू आले नाही. तो पट्ट्याकडे बघत राहिला. विजयाबाई पट्ट्याकडे बघत नव्हत्या. रांगेच्या तोंडाशी नवरा उभा होता, त्याच्या उजव्या गालाकडे त्या बघत होत्या. तो उघडा पट्टा त्या गालाच्या उंचीवर येऊन थांबत होता.

धर्माजींनाही ते दिसले. वारा नव्हता. पाटाचे पाणी चालू होते.

"मी खुडली," ते म्हणाले.

धीरज वळला. "काय?"

"पानं मी खुडली. नवशानं नाय." बोलताना कळ आली. त्यांनी डावा हात कुडावर टेकवला, कळ जाऊ दिली आणि वाक्य पुरे केले. "गालाला लागतात. पान लागलं की कळ येते. म्हणून वाट मोकळी केली."

एडवणात पानाचा सगळ्यात कडक मालक धर्माजी. कोवळे पान खुडले म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाला लहानपणी दिवसभर कुडाबाहेर उभे केले होते. धीरजला ते आठवले असावे. त्याने मान खाली घातली.

धर्माजी कुडापाशी गेले. खोचलेले खुरपे काढले, पंच्याने दांडा पुसला आणि नवशासमोर धरले.

"चूक माझी. बोल धीरजचे. दोनी परत घेतो."

नवशाने खुरपे लगेच घेतले नाही. "दादा, दुखत होतं तर सांगायचं," तो म्हणाला. "आमी पुढं चाललो असतो. पानं बाजूला धरली असती."

मग त्याने खुरपे घेतले.

* * *

बोईसरला नसांचा इलाज करणाऱ्या डॉक्टर आठवड्यातून एकदा बसत. धीरजच्या पाळीतल्या एका माणसाची बायको तिथे जाऊन आली होती. मोटारसायकलवर वारा लागेल म्हणून धीरजने रिक्षा केली आणि उजवीकडचा पडदा सोडून बांधून घेतला.

बाहेरच्या बाकावर कारखान्यातले कामगार बसलेले होते. त्यातल्या एकाने धर्माजींना जागा करून दिली आणि निरखून पाहिले. "चाचा, नया फैशन है क्या?"

"हां," धर्माजी म्हणाले. "आधा बाकी है."

धीरजने चमकून बापाकडे पाहिले. बरेच महिने त्याने त्यांच्या तोंडून चेष्टा ऐकली नव्हती.

डॉक्टरीणबाईंचे नाव दीपिका. वयाने धीरजएवढ्याच. त्यांनी आधी काहीच तपासले नाही, नुसते विचारले.

"कुठे दुखतं ते बोटाने दाखवा."

धर्माजींनी बोट नेले. नाकपुडीपासून कानाकडे रेघ ओढली. बोट गालापासून थोडे लांब, हवेतच फिरले.

"दाताचं दुखणं असलेला माणूस गाल हातात धरून येतो," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही बोटसुद्धा टेकवत नाही. किती वेळ राहते?"

"वीज चमकावी एवढीच."

"मधल्या वेळात?"

"काय नाय. काय झालंच नाय असं."

"झोपेतून उठवते?"

"नाय. झोपलो की सुटलो."

"आणि कशाने येते?"

धर्माजी थांबले. इथेही त्यांच्या तोंडात "कशानंपण" आले होते. धीरज काही बोलला नाही. बापानेच बोलायचे, हे तो बहुधा वाटेतच ठरवून आला होता.

"तोंड धुताना. चावताना. दाढी करताना," धर्माजी म्हणाले. "वाऱ्यानं. आणि पान लागलं की. आमची पानवाडी हाय."

डॉक्टरांनी कापसाची बारीक वात केली. आधी कपाळावर फिरवली, मग डाव्या गालावर, हनुवटीवर. दात आवळायला लावले, डोळे मिटायला लावले, कानाशी बोटे चोळून ऐकू येते का ते पाहिले. मग उजव्या गालावर अंगठा ठेवून जोरात दाबले.

"दुखतं?"

"नाय."

"आता मी कापूस नुसता टेकवणार आहे. कळ येईल. नको असेल तर नको म्हणा. तुम्ही सांगितलं तेवढंही मला पुरेसं आहे."

"लावा."

"खुर्ची धरा हवी तर."

"नको."

कापूस नाकपुडीच्या कडेला टेकला. धर्माजींचा चेहरा अर्धा एकीकडे ओढला गेला. हात मांडीवरच राहिले, बोटे मात्र धोतरात रुतली. धीरजने बापाचा चेहरा त्या क्षणी पहिल्यांदाच समोरून पाहिला. आजवर कळ आली की बाप वळत असे, खाली वाके, काहीतरी उचलल्यासारखे करी.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "परत नाही लावत."

त्यांनी कागदावर चेहऱ्याची एक बाजू काढली. कानापुढून निघालेली नस काढली, तिला तीन फांद्या काढल्या. एक कपाळाला, एक गालाला, एक जबड्याला. "ही चेहऱ्याचा स्पर्श मेंदूला कळवते. तुमची मधली फांदी बिघडलीय. बहुतेक वेळा आत मुळाशी एखादी रक्तवाहिनी नसेला घासत असते. वरचं आवरण झिजतं. मग नुसता स्पर्शही झटका होऊन पोचतो."

धर्माजींनी कागद जवळ घेतला. "म्हणजे दाबलंय खोडाशी आणि दुखतंय शेंड्याला."

"हो."

"दाढा?"

"दाढा बहुतेक चांगल्या होत्या."

"काढा, मीच म्हणालो होतो," धर्माजी म्हणाले. "तो नको म्हणत होता."

मेंदूचा फोटो काढायचा होता, आत गाठ वगैरे नाही याची खात्री करायला. रक्त तपासायचे होते. औषध थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचे होते. सुरुवातीला गरगरेल, झोप येईल. अंगावर पुरळ उठले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायला यायचे. बरे वाटले म्हणून मनाने बंद करायची नाही. गोळी लागू पडली नाही तर ऑपरेशन असते, ते पुढचे पुढे.

"बरा होईन?"

"आटोक्यात येईल. बहुतेकांचं येतं. पण मधूनमधून परत येऊ शकते, हे आताच सांगते."

"वाडीत जाऊ?"

"गरगर थांबली की जा. शिडीवर नाही चढायचं."

"वेल झेलणारा खालीच असतो."

"मग झेला. एक मात्र करा. कळ आली की सांगायची. मला सांगायची, घरात सांगायची. तुम्ही सांगाल त्यावरच गोळी किती ते ठरतं. तुम्ही लपवलंत तर मी आंधळी."

* * *

घरी आल्यावर विजयाबाईंनी सगळे धीरजकडून ऐकून घेतले. मग त्या चुलीपाशी गेल्या. निवडून, एरंडेल लावून ठेवलेले पान तसेच ताटलीत होते. त्या ते घेऊन ओटीवर आल्या.

"हे लागलं की येते?"

धर्माजींनी मान हलवली.

"रोज?"

"रोज."

"आणि ओढतंय म्हणत होता."

"तू एवढं निवडून आणायचीस."

"एवढे दिवस मी तुमच्या गालाला निखारा लावत होते नि तुमी तोंड पुढं करत होता!" विजयाबाईंचा आवाज फुटला. "नको म्हणायला काय झालं होतं? मी काय परकी? पान मोठं की मी?"

"पान आपलं होतं," धर्माजी म्हणाले. "आपल्या पानानं दुखतं असं कसं सांगू?"

विजयाबाईंनी ते पान उचलले, एरंडेल पदराने पुसले, त्याला चुना लावला, सुपारी घातली आणि स्वतः तोंडात टाकले. दोन-तीनदा चावून झाल्यावर म्हणाल्या, "पानाला काय झालं नाय. चांगलं हाय."

फोटोत गाठ नव्हती. रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसली, डॉक्टरांनी म्हटले होते तिथेच. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस धर्माजी ओटीवरून अंगणात उतरताना खांब धरत. विहिरीपर्यंत गेले आणि परत आले. पुरळ उठले नाही. कळा कमी झाल्या, मग विरळ झाल्या. एका दुपारी त्यांनी तांदळाची भाकरी मागितली. विजयाबाईंनी ती वाढली आणि समोर बसून राहिल्या. उरलेल्या दाढांनी, सावकाश, ते अख्खी भाकरी खाऊन उठले. "विजया," त्यांनी हाक मारली, "पाणी." पाणी समोरच होते.

कळ आली की ते सांगू लागले. पहिल्यांदा सांगताना नव्या नवऱ्यासारखे लाजले. "आली," एवढेच म्हणत. थोड्या वेळाने "गेली." विजयाबाई तारीख बघून मनात ठेवत आणि डॉक्टरांना सांगत.

धीरजने खोल्यांचा विषय काढला नाही. त्याने उतरणीसाठी रजा टाकली.

* * *

होळी झाली. चौथ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत सगळे वाडीत आले. चपला कुडाबाहेर ओळीने राहिल्या. नवसीने आणि धीरजने काठ्यांच्या बुडाशी चर खणून ठेवले होते. शेणखत कुजून काळे, भुसभुशीत झालेले होते.

वेली वर्षभरात हाताबाहेर गेल्या होत्या. शिडीवर चढून वरून एकेक बंध कापायचा. केळीच्या सोपटाचा बंध सुटला की वेल सैल होते. खाली उभा राहणारा ती उजव्या खांद्यावर घेतो, डाव्या हाताने तोलतो, उजव्या हाताने बिनपानांच्या खोडाची गुंडाळी करत चरात बसवतो. वरची पानांची वेल त्याच्या मानेवर, कानावर, गालावर पडलेली असते. वेल पिळली की आतून तुटते. वरून दिसत नाही. आठ दिवसांनी सुकते तेव्हा कळते. म्हणून झेलणारा कोण, यावर वाडीचे पुढचे वर्ष असते.

नवशा शिडीवर चढला. कोयता कमरेला. "दादा, धीरज भाऊ घेईल काय पहिली?"

"पहिली मी."

नवशाने वरचा बंध कापला, मग खालचा. वेल सुटली, झुकली आणि धर्माजींच्या खांद्यावर आली. ओली, थंड पाने मानेवर पसरली. एक पान गालावर आडवे पडले. उजव्या गालावर, पांढऱ्या दाढीवर.

विजयाबाई खताची पाटी घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या.

काही झाले नाही. पान गालावर होते, धर्माजींचा हात गुंडाळी करत होता. खोड चरात गोल बसले. त्यांनी मातीचा पहिला लोट स्वतः पायाने ओढला, शेंडा काठीला लावला आणि सोपटाचा बंध घातला.

"माती," ते म्हणाले. विजयाबाईंनी पाटी ओतली.

दुसरी उतरली, तिसरी उतरली. रांग पुढे सरकली. नवसीने गाणे धरले आणि नवशा वरून चुकलेला शब्द दुरुस्त करत राहिला. कुडावरून कमलाकांतने डोकावून पाहिले. "धर्मा, अजून अर्धीच?"

"वेली उतरू दे, मग पुरी करतो."

दुपारी समुद्राकडून वारा उठला. झावळ्या वाजल्या. कुडाची एक झाप सैल झाली होती, तिथून झोत थेट रांगेत शिरला. धर्माजींच्या खांद्यावर त्या वेळी सगळ्यात जुनी वेल होती, त्यांच्या वडिलांनी लावलेल्या रांगेतली, अंगठ्याएवढ्या जाड खोडाची. वाऱ्याने पाने उडाली आणि गालावर आपटली.

धर्माजींचा गाल वर खेचला गेला. पूर्वी ते वळले असते. आता त्यांनी डावा हात वर केला.

"थांबा," ते मोठ्याने म्हणाले. "आली."

नवशा शिडीवर तसाच थांबला, वेलीचा शेंडा दोन्ही हातांत उचलून धरून. नवसीचे गाणे तुटले. धीरजची भरलेली पाटी डोक्यावरच राहिली. विजयाबाई कुडाकडे गेल्या आणि सैल झापेला पाठ लावून वारा अडवून उभ्या राहिल्या. कुडापलीकडे कमलाकांतही बोलायचा थांबला. आख्खी वाडी एका माणसासाठी उभी राहिली आणि तो माणूस मधोमध, पाय रोवून, वेल खांद्यावर घेऊन उभा होता. चेहरा कुणापासून फिरवलेला नव्हता. खांदा हलला नाही. वेल पिळली नाही.

"गेली," धर्माजी म्हणाले. त्यांनी श्वास सोडला आणि वर पाहिले.

"सोड, नवशा. सैल सोड."